दुसऱ्या भागासाठी वऱ्हाडात

गवताला लागलेली आग कुंपणापर्यंत आली होती, थोरली मुलगी गाय शोधायला ओढ्याकडे गेली होती, आई दारात उभी राहून हाका मारत होती, आणि तिथेच पुस्तकाचा पहिला भाग संपला. दुसरा भाग माझ्याकडे नव्हता. पुण्यात नव्हता, मुंबईत नव्हता, आणि अमेरिकेहून मागवावा तर तो येईपर्यंत वाचकांनी आमच्या मासिकाची होळी केली असती.

मी पुण्यात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते आणि उरलेल्या वेळात एका मासिकासाठी भाषांतरं करते. अमेरिकेच्या पश्चिमेला वस्ती करायला गेलेल्या लोकांच्या कादंबऱ्या मी बऱ्याच वाचल्या आहेत. बहुतेकींत एक उंच पुरुष, एक घोडा आणि दोन पिस्तुलं असतात. बायका खिडकीतून बघतात आणि वेळ आली की किंचाळतात. लिहिणारे पुष्कळसे शहरातले. चार दिवस तिकडची हवा खाऊन आलेले आणि जन्मभर त्यावर लिहीत बसलेले. मासिकात दरमहा थोडी थोडी देत होते ती ही कादंबरी मात्र वेगळी होती. लिहिणारी बाई स्वतः विधवा. जो कसेल त्याला सरकार जमीन देतं म्हणून दोन लेकरांना घेऊन बैलगाडीतून त्या माळावर गेलेली. दिवसा नांगर धरायचा आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लिहायचं. झाडच नसलेल्या त्या मुलखात ती चुलीत वाळलेलं शेण जाळते, ते वाचताना माझ्या डोळ्यांत धूर जायचा. या बाईवर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता.

आमच्या संपादकांना विश्वासाशी कर्तव्य नव्हतं. ते म्हणाले, "दोन महिन्यांत दुसरा भाग मिळाला तर ठीक. नाहीतर शेवट मी लिहितो. मुलीला वाचवू, शेजारच्या तरुणाशी तिचं लग्न लावून देऊ. वाचक खूश."

"आणि भाषांतरकार म्हणून नाव कुणाचं?"

"तुमचंच. सुरुवात तुमची आहे ना!"

मी मासिकात जाहिरात दिली. कुणाकडे दुसरा भाग असल्यास कळवावे. उत्तर एकच आलं, अकोल्याहून, कार्डावर: 'दुसरा भाग आमचे घरी आहे. टपालाने येणार नाही. बाईंनी स्वतः यावे.' खाली श्यामराव बोचरे, जठारपेठ, अकोला.

एकटीनं जायला घरच्यांची परवानगी नव्हती, म्हणून सोबतीला बापूमामा आले. बापूमामा पोस्टातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांना पोटाची काळजी आहे. वऱ्हाडात तिखट फार, असं कुणीतरी सांगितल्यामुळे त्यांनी डबाभर लाडू आणि कसलंसं चूर्ण घेतलं. खरं कारण पोट नसून सोवळं आहे हे मला ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवलं असतं तर ते आलेच नसते.

अकोला

कापसाचे दिवस होते. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, हवेत पांढरं तरंगतंय, बाभळीच्या काट्यांनाही कापूस लटकलेला. टांग्यातून उतरेपर्यंत बापूमामांच्या मिशा पिकल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या.

बोचऱ्यांचं घर सापडलं. ही भाजीपाला आणि फुलं पिकवणारी माळ्याची मंडळी. ओसरीवर झेंडूच्या टोपल्या आणि वांग्यांचा ढीग. दारात एक ठेंगणी बाई आली. श्यामरावांच्या धाकट्या भावाची बायको, कौसल्याबाई.

"श्यामराव आहेत का?"

"थे तं पातूरले गेले, मळ्यात."

"त्यांनी आम्हाला बोलावलंय. पुण्याहून आलोय आम्ही."

"बलावलं असन. पन थे पातूरले गेले."

"कधी येतील?"

"आले म्हंजे येतीन. बसा न. जेवाले बसा."

आम्ही जेवायला आलो नव्हतो. हे मी सांगितलं, पुन्हा सांगितलं, आणि तेवढ्यात पाट मांडून झाले होते. पुण्यात पाहुणा नको म्हणाला तर त्याचा मान राखतात. वऱ्हाडात पाहुण्याचं 'नको' कुणी ऐकतच नाही. ते बोलण्याआधीचं खाकरणं समजतात. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. बापूमामांनी लाडवाचा डबा उघडला आणि भाजीच्या वासाकडे पाठ करून बसले.

जेवताना कौसल्याबाई घरातल्या सगळ्यांची खबर देत होत्या. थोरली जाऊ सुभद्राबाई अमरावतीला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे, बाळाला सर्दी आहे, जावई चांगला आहे. मी हो हो म्हणत होते. माझं सगळं लक्ष पातूरला जाणारी मोटार कधी सुटते इकडे होतं.

पातूर

मोटार सुटली, पण पातूरला पोचली नाही. मध्येच एका चढावर तिनं धूर सोडला आणि ड्रायव्हर बाभळीखाली जाऊन निजला. विचारलं तर म्हणाला, "गरम झाली बाई. थंडी होईन तवा जाईन." शेवटी कोबी घेऊन बाजारात गेलेली आणि रिकामी परतणारी एक बैलगाडी मिळाली. गाडीवाला बोचऱ्यांच्या शेजारच्याच मळ्यातला निघाला. बापूमामा उरलेल्या वाटेवर फक्त एकच वाक्य बोलले, तेही बैलांना उद्देशून.

मळा मात्र बघण्यासारखा होता. काळी जमीन, पाटाचं पाणी, मिरचीच्या वाफ्यांना झेंडूची कड, पलीकडे निळसर टेकड्या. पाटाच्या कडेला एक उंच, वाकलेला, साठीच्या आतबाहेरचा गृहस्थ फावड्यानं पाण्याचा दंड वळवत होता. गुडघ्यापर्यंत चिखल. तेच श्यामराव. आम्हाला बघून त्यांनी हात धुतले, पोती टाकून बसायला दिलं आणि माझं सगळं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी कार्ड नाई लिवलं," ते म्हणाले.

"खाली तुमचं नाव आहे."

"नाव असन. हात माहा नाई."

मी कार्ड दाखवलं. त्यांनी बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा बदलला की अक्षर त्यांनी ओळखलं हे मला कळलं. पण ते एवढंच म्हणाले, "असं पुस्तक माह्यापाशी नाई."

"तुम्हाला इंग्रजी येतं का?" मी जरा टोचूनच विचारलं. चिडले होते.

त्यावर त्या चिखलातल्या माणसानं मला इंग्रजीत उत्तर दिलं. शब्द नाकातून, ताणून काढलेले, आमच्या शाळेच्या इन्स्पेक्टरबाईंसारखे मुळीच नाहीत. तरुणपणी शेतकी शिकायला ते अमेरिकेत होते, असं त्यांनी सांगितलं. मग परत वऱ्हाडीत आले, "मासिक येते माह्याकडे. वाचून राहिलो तुमचं. तुमी कोरी जमीन लिवलं. थे जमीन कोरी नव्हती बाई. तेथी लोक राहत होते. त्याईले हाकललं, मंग कोरी झाली."

"मूळ पुस्तकातच तसं आहे."

"हाव. म्हूनच सांगून राहिलो."

"म्हणजे मूळ पुस्तक तुम्ही वाचलंय."

ते उठले आणि पाटाकडे गेले. त्यानंतर पुस्तकाचं नाव काढलं की ते मला मिरच्यांविषयी काहीतरी सांगायचे. बापूमामा मात्र त्यांच्यावर खूश झाले. दोघं गोठ्यात जाऊन बैलांच्या शिंगांवर बोलत बसले, आणि परत आले तेव्हा बापूमामांच्या हातात भाकर होती. तिच्यावर ठेचा. मी बघतेय हे बघून ते म्हणाले, "मळ्यात चालतं." हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं.

पुन्हा अकोला, आणि चांदूर रेल्वे

दुसऱ्या दिवशी अकोल्याला परत आलो. मी इतकी वैतागले होते की सामान उचलायला बोचऱ्यांकडे गेले तेव्हा कौसल्याबाईंवरच सगळा राग काढला. बोलावून घेता, कार्ड लिहिता, आणि वर पुस्तकच नाही म्हणता, ही काय रीत झाली?

कौसल्याबाई वांगी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पुस्तक? थे तं वयनी अमरावतीले घेऊन गेल्या. पेटीतून काढून, भाऊजीले न सांगता."

"मग हे काल का नाही सांगितलंत?"

"तुमी मले इचारलं कुठी? तुमी भाऊजीले इचारलं. भाऊजी पातूरले गेले."

कार्ड कुणी लिहिलं, हेही तेव्हाच विचारून घेतलं. श्यामरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, शेजारच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. नवरा मासिक वाचून दाखवायचा, पण ही गोष्ट आली की पान उलटायचा. जाहिरात मात्र त्यांना माहेरी आलेल्या लेकीनं वाचून दाखवली होती.

अमरावतीला जायचं तर बडनेऱ्याला उतरावं लागतं. बापूमामा म्हणाले, त्यांची हयात टपालाच्या थैल्या रेल्वेनं पाठवण्यात गेली, मी काळजी करू नये. बडनेरा आलं तेव्हा ते म्हणाले, हे नव्हे, पुढचं. पुढचं म्हणजे चांदूर रेल्वे. तिथे उतरलो तेव्हा परतीची गाडी संध्याकाळी होती. स्टेशनबाहेर एका म्हातारीकडे गरम पातोडीचा रस्सा मिळाला. बेसनाच्या वड्या आणि लालभडक तर्री. बापूमामांनी दोनदा घेतला, डोळ्यांतून पाणी काढत, नाक पुसत, आणि चुकीचं स्टेशन आल्याचं सगळं दुःख विसरून. मी रागानं नुसतं पाणी प्यायले. आता वाटतं, खायला हवा होता.

अमरावती

सुभद्राबाई गोऱ्या, रुंद बांध्याच्या, आणि बोलण्यात आडपडदा नसलेल्या. लेकीच्या घरच्या अंगणात बाळासाठी दुपटं शिवत बसल्या होत्या. माझं नाव सांगितल्याबरोबर त्यांनी सुई कापडात टोचली.

"आल्या तुमी! मले वाटलं नाई येत."

"पुस्तक आहे ना?"

"हाये न." त्यांनी आतून जुन्या लुगड्यात बांधलेलं पुस्तक आणलं. मी हात पुढे केला. त्यांनी ते मांडीवर ठेवलं. "आदी मले वाचून दाखवा. अख्खं. मराठीत. मंग घेऊन जा."

मी म्हटलं, हे दोनतीन दिवसांचं काम आहे, माझी रजा संपत आलीय, मासिकात छापून येईलच. त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

"बाई, लगन होऊन आली तवापासून हे पुस्तक पेटीत हाये. पयला भाग कोनाले देऊन टाकला, हा ठेवला. कधीमधी काढतात, एकच पान वाचतात, अन् दोन दिवस कोनाशी बोलत नाईत. मी इचारलं तं म्हन्तात, काई नाई. थ्या बाईच्या घरी हे राह्यले होते. जिनं पुस्तक लिवलं तिच्या. आता तुमीच सांगा, मी काय समजू?"

ज्या लेखिकेवर मी इतका जीव टाकला होता, तिच्या घरी पातूरचा तो चिखलातला माणूस राहिला होता!

"तिचं अन् याईचं काय होतं, थे मले पायजे," सुभद्राबाई म्हणाल्या. "खरं वाचजा. मी रडनार नाई."

मग काय करणार? अंगणात बसून मी वाचायला लागले; डोळ्यांसमोर इंग्रजी, तोंडातून मराठी. आग आली आणि गेली. मुलगी गायीच्या मानेला धरून ओढ्याच्या पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहिली आणि वाचली. सुभद्राबाईंनी मोठा श्वास सोडला आणि चहा ठेवायला सांगितलं. बापूमामासुद्धा ओसरीवर येऊन बसले होते. त्यानंतर टोळ आले, दुष्काळ आला, मग चांगलं पीक आलं. असं करत दुसऱ्या दिवशी दुपारी सुगीच्या प्रकरणाशी पोचलो.

त्या प्रकरणात कापणीला एक हिंदुस्थानी गडी येतो. पुस्तकात त्याला सगळे सॅम म्हणतात, कारण त्याचं खरं नाव विचारायचा प्रत्येकाला कंटाळा. मी पुढच्या ओळी डोळ्यांखालून घातल्या आणि माझी जीभ अडली. हा सॅम वेडा दाखवलाय. घोड्याला भितो, इंग्रजी तोडकं बोलतो. एका सकाळी तो बैलाला रानफुलांचा हार घालतो, त्याच्यापुढे हात जोडून बसतो, बैल तो हार खाऊन टाकतो, आणि सॅम भोकाड पसरतो. मालकीण, तिची मुलं, कापणीचे सगळे गडी पोट धरून हसतात. दुसऱ्या दिवशी सॅम कुणाला न सांगता पळून जातो. प्रकरणाचं कामच ते: मघाशी टोळ आले, पुढे बर्फ येणार, मध्ये वाचकाला थोडं हसवा.

मी दोन पानं एकदम उलटली.

"थांबल्या कावून?" सुभद्राबाई म्हणाल्या. "दोन पानं गेली. मी पायलं."

"तिथे काही विशेष नाही."

"थेच पान हाये थे. कोपरा मळलेला हाये पाहा. वाचा."

मी वाचलं. शक्य तितकं मऊ करून वाचलं, पण हसणारे लोक मऊ कसे करणार? सुभद्राबाई आधी ताठ बसल्या होत्या, दुसऱ्या कशाची तरी वाट बघत. ते काही आलं नाही. बैल हार खातो तिथे त्यांच्या हातातली सुई थांबली. संपल्यावर त्यांनी दुपटं बाजूला ठेवलं.

मग म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच."

"हे सॅम म्हंजे आमचे हे?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक ओढून मांडीवर घेतलं. त्या एकदम उसळल्या, "थे घोड्याले भेतात? अन् बैलापाशी बसून रडतात? थ्या बाईनं पायलं तरी होतं का याईले? तिले कोनी सांगतलं हे लिवाले?" आणि माझ्याकडे वळून, जणू ते मीच लिहिलं होतं, "हे नाई छापाचं तुमी. हे पान काढून टाका."

मी म्हटलं, भाषांतरात असं पान काढता येत नाही. त्या म्हणाल्या, हातानं फाडलं की निघतं. बापूमामा म्हणाले, सगळंच सोडून द्यावं आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघावं. आणि इतकं कमी होतं म्हणून, नेमके त्याच वेळी श्यामराव फाटकातून आत आले. कौसल्याबाईंनी त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांना कुणीतरी विचारलं असणार.

श्यामरावांनी बायकोच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

"वाचलं?"

"वाचलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "खरं हाये?"

"नाई."

"मंग खरं काय हाये? आज सांगा. या बाईसमोर सांगा, म्हंजे तुमाले उठून जाता येनार नाई."

ते उकिडवे बसले. पुढचं त्यांनी जसं सांगितलं तसंच मी नंतर उतरवून घेतलं.

शिकायला गेलेली पोरं सुट्टीत कापणीच्या कामाला जात. सगळ्यांकडे घोडे, त्या बाईकडे मात्र जुनी बैलजोडी उरली होती, आणि हाकायला माणूस मिळत नव्हता. श्यामराव माळ्याचं पोर, बैलांत वाढलेलं. त्यांना ठेवून घेतलं. संध्याकाळी ती लिहायची आणि मध्येच त्यांना घरचं विचारायची: तुमच्याकडे पेरणी कशी, आई काय रांधते, बैलाला काय म्हणून हाका मारतात. ते सांगत बसायचे. घरची आठवण कुणापाशी काढावी, असं तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"एक दिवस मी आपला हिशेब लावला, तं पोळा होता. म्हटलं, बैल तं हायेत. सकाळीच धुतले. शिंगाले लावाले काई नव्हतं, मशीनचं वंगन लावलं. माळावरचे पिवळे फुलं आनून हार केला. तेवढ्यात थे बाई आली. म्हने, काय करून राहिला? मी सांगतलं: आज याईले काम नसते. आज याईच्या पाया पडाचं. थे घरात गेली. मले वाटलं, हासाले गेली. तं तिनं आपल्या टोपीची लाल फीत कापून आनली, अन् सोताच्या हातानं शिंगाले बांधली. पोरीनं पावाले काकवी लावून आनली, पुरनपोळी म्हून चारली. अन् मंग तिनं हात जोडले. मी जोडले तसेच. कोनी नाई हासलं. कोनीच नाई."

बोलताना ते आमच्याकडे बघत नव्हते.

"जाताना थे मले स्टेशनावर सोडाले आली. पुस्तक छापून झालं तवा दोन्ही भाग पाठवले. मी मोठ्या हौसेनं उघडले. पोळ्याचं लिवलं असन म्हून."

"मंग तिनं असं कावून लिवलं?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"थेच मी इतके वर्षं इचारून राहिलो. खपावं म्हून असन. नाई तं तिले लाज वाटली असन, बैलाच्या पाया पडली म्हून. लोक काय म्हन्तीन."

"तुमी मले कावून नाई सांगतलं?"

"काय सांगू? माही फजिती छापून आली, असं सांगू?"

"अन् मी इकडे काय काय समजून बसली!" त्या म्हणाल्या.

"काय समजून बसली?"

"काई नाई. जाऊ द्या." आणि त्या हसायला लागल्या. पदर तोंडात धरून, अंग हलेपर्यंत. श्यामराव बावचळून माझ्याकडे बघत राहिले. मी दुपट्याची घडी घालायला घेतली. हसता हसता त्या डोळे पुसायला लागल्या, आणि त्यातलं कुठलं पाणी कशाचं होतं हे मलाही सांगता आलं नसतं.

माझं काय झालं, तेही सांगते. मला त्या लेखिकेचा संताप आला. पिस्तुलं घेऊन येणाऱ्या लेखकांचा कधी आला नव्हता, कारण त्यांच्यावर मी कधी विश्वासच टाकला नव्हता. हिनं फीत कापून बांधली होती. हिला सगळं ठाऊक होतं.

पान गाळायचं नाही, हे मी ठरवलं. गाळलं असतं तर तिचीच झाकपाक झाली असती. श्यामरावांना म्हटलं, "तुमच्या परवानगीनं मी ते प्रकरण जसंच्या तसं छापते. आणि त्याच अंकात, त्याच्याच खाली, आता तुम्ही सांगितलंत तेही. तुमच्या नावानं, तुमच्या शब्दांत."

"मी काई लेखक नाई."

"नसाल. बैल तुम्ही धुतले होते."

ते नको नको म्हणत राहिले. वऱ्हाडात 'नको'चं काय होतं ते मी आता शिकले होते. मी ऐकलंच नाही. शेवटी सुभद्राबाईच म्हणाल्या, "छापा. याईचं नाव मोठ्या अक्षरात छापा." आणि राहिलेलं पुस्तक त्याच दिवशी वाचून संपवायला लावलं. शेवट साधाच आहे. जमीन तिच्या नावावर होते आणि ती दाराला कडी लावून झोपते. "झोपली का?" सुभद्राबाई म्हणाल्या. "बरं झालं. थकली असन."

पुण्याला

संपादकांनी मजकूर बघितला आणि म्हणाले, हकीकत छान आहे, पण 'मले', 'तुमाले' हे शुद्ध करून घेऊ. मी म्हटलं, एक 'मले' बदललात तर पुढचा मजकूर मिळणार नाही, शेवट तुम्हीच लिहा. दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. तरी मुद्रितं आली तेव्हा त्यांत सगळीकडे 'मला' होतं. मी छापखान्यात जाऊन खिळे जुळवणाऱ्याशेजारी बसले आणि एकेक दुरुस्त करून घेतलं. अंक निघाला. 'कोरी जमीन' जिथे जिथे पुन्हा आली, तिथे खाली टीपही दिली. वाचकांची पत्रं दोन्हीकडून आली. काहींना हसवणारं प्रकरण आवडलं होतं आणि खालच्या हकीकतीनं त्यांचा विरस झाला. होऊ दे.

अमरावतीहून निघतानाची एक गोष्ट सांगायची राहिली. सुभद्राबाई स्टेशनवर आल्या होत्या, बापूमामांसाठी ठेच्याची बरणी घेऊन. मामांनी ती लाडवाच्या रिकाम्या डब्यात ठेवली. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन त्या मला म्हणाल्या, "छापून झालं की एक अंक थ्या बाईले पाठवा."

"तिला मराठी कुठलं येणार?"

"मले तरी कुठी इंग्रजी येते? दोन दिवस बसली न मी आयकत. तिले म्हना, कोनाले तरी बसव जवळ, अन् आयक."

अंक मी पाठवला आहे, पुस्तक छापणाऱ्यांच्या पत्त्यावर, इंग्रजीत एक अक्षरही न जोडता. उत्तर अजून आलेलं नाही.